शुश्रूषागृहाचा कारभारी कोण असावा?



वृद्ध व आजारी माणसांसाठी शुश्रूषागृह काढावे, ही आपल्या ट्रस्टमधील अनेकांची इच्छा स्तुत्य आहे. इमारतीला देणग्या मिळतील, खाटाही मिळतील. पण त्या घराचा कारभार कोणाच्या हाती द्यावयाचा, हा प्रश्न आम्हांस सर्वांत मोठा वाटतो.

आम्ही पेशाने शिक्षक. शिकविण्याची हौस पुष्कळांना असते. तरी शिक्षकाकडून प्रशिक्षणाची पदवी मागितली जाते. मोटार हाकणाऱ्यासही परवाना लागतो. मग अंथरुणाला खिळलेल्या जिवांचा भार केवळ भला माणूस म्हणून कोणावर टाकावा काय?

अशा घरातील चुका गाजावाजा करीत नाहीत. वेळच्या वेळी कूस बदलली नाही, तर पाठीला जखमा होतात. रात्रीच्या औषधाची नोंद नसेल, तर सकाळची बाई तेच औषध पुन्हा देते. मागील दाराला कुलूप असेल, तर आगीच्या वेळी ते दार नसल्यासारखेच. डॉक्टर येऊन तपासून जातात. या गोष्टींचा जाब देणारा माणूस मात्र घरातच हवा.

अमेरिकेत १९६७ साली सामाजिक सुरक्षा कायद्यात दुरुस्ती होऊन, शुश्रूषागृहांच्या व्यवस्थापकांना परवाना देण्याची व्यवस्था राज्यांवर बंधनकारक झाली. तेवढ्याने सर्व दोष गेले नाहीत. १९८७ साली पुन्हा कायदा करून, नोंदणीकृत परिचारिका रोज निदान आठ तास हजर असावी आणि मदतनिसांस किमान ७५ तासांचे शिक्षण मिळावे, असे ठरले. तात्पर्य, परवाना ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे.

आपल्याकडेही १९४९ च्या मुंबई नर्सिंग होम्स नोंदणी कायद्याने, तेथेच राहणारा पात्र डॉक्टर किंवा पात्र परिचारिका प्रमुख नसेल, तर प्रसूतिगृहाखेरीज अन्य नर्सिंग होमची नोंदणी नाकारण्याची तरतूद केली. ज्या घराला असा कायदा लागू होत नसेल, तेथेही हाच नियम आपण आपणहून पाळावा.

दानाचा पैसा ही अमानत आहे, असे आम्ही घरी शिकलो. दुसऱ्याच्या आईबापांचा जीव ही त्याहून मोठी अमानत होय. म्हणून विनंती एवढीच की, कोनशिला बसविण्यापूर्वी अंदाजपत्रकात पात्र प्रमुखाच्या पगाराची रक्कम आधी लिहावी. संगमरवरी पाटीचा खर्च मागाहून लिहिला तरी चालेल.