शस्त्रक्रियेपूर्वींचे दिवस

रोगाचें निदान होणें आणि त्यावर उपचार सुरू होणें, या दोन घटनांच्या मध्यें कांहीं दिवसांचा एक काळ असतो. गर्भाशयाचा कर्करोग झाल्याचें जिला कळलें आहे, आणि शस्त्रक्रियेची तारीख मात्र जिला दोनतीन आठवडे पुढची मिळाली आहे, अशा स्त्रीला विचारलें तर ती बहुधा हेंच सांगेल कीं, साऱ्या आजारांतला अत्यंत कठीण भाग हाच. रोग शरीराच्या एका लहानशा जागेंत असतो. वाट पाहणें मात्र सारें घर व्यापून टाकतें.

उदाहरणादाखल पुण्यांतील एखाद्या मध्यमवर्गीय घराची कल्पना करावी. घरांतील बाई ५८ वर्षांच्या. शाळेंतील नोकरींतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. पाळी जाऊन सहा वर्षें झालेलीं, आणि एके दिवशीं अंगावरून थोडें रक्त गेलें. ‘उष्णता झाली असेल’ अशी समजूत करून घेऊन त्यांनीं दोन महिने सब्जाचें पाणी पिण्यांत घालविले. मग सोनोग्राफी झाली, गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासणीस गेला आणि अहवाल आला. अहवालाचें पाकीट यजमानांनीं कपाटांतील कपड्यांखालीं ठेवून दिलें. ‘आईला इतक्यांत सांगूं नका’ असें मुलानें बंगळूरहून फोनवर बजावलें. आणि सूनबाई स्वयंपाकघरांत दबक्या आवाजांत बोलूं लागल्या. काय झालें आहे हें बाईंना त्या कुजबुजीवरूनच कळलें. तिसऱ्या दिवशीं त्या यजमानांना म्हणाल्या, “अहो, तें पाकीट इकडे आणा. माझ्या नांवाचें आहे तें.”

या घरांतील कोणाच्याही मनांत वाईट हेतु नव्हता. परंतु रोग्यापासून रोग लपविणें हें प्रेमाचें लक्षण आहे, अशी जी समजूत आपल्याकडे दृढ झाली आहे, तिनें रोगी एकटा पडतो. शरीर तिचें, शस्त्रक्रिया तिच्यावर व्हावयाची, संमतिपत्रावर सही तिची. तेव्हां जाणण्याचा पहिला अधिकारही तिचाच. ज्या भीतीचें नांव उच्चारतां येतें, त्या भीतीविषयीं निदान प्रश्न तरी विचारतां येतात.

म्हणून प्रथम रोगाचें स्वरूप स्पष्ट समजून घ्यावें. ज्याला सामान्यतः गर्भाशयाचा कर्करोग म्हणतात, तो बहुधा गर्भाशयाच्या आंतील अस्तरांत उत्पन्न होतो. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हा निराळा रोग. तो बहुतेक वेळां एका विषाणूमुळें होतो. अस्तराचा तसा होत नाहीं. इस्ट्रोजेन या संप्रेरकानें अस्तराची वाढ होते आणि प्रोजेस्टेरॉन हें दुसरें संप्रेरक त्या वाढीला आळा घालतें. पाळी गेल्यावर हा आळा राहत नाहीं. पण शरीरांतील चरबींत इस्ट्रोजेन थोडेंबहुत तयार होतच असतें. स्थूलता आणि मधुमेह यांचा या रोगाशीं संबंध येतो तो मुख्यत्वें असा. कांहीं थोड्या घराण्यांत तो आनुवंशिकही असतो. म्हणून आई, बहीण, भाऊ यांपैकीं कोणास हा किंवा मोठ्या आंतड्याचा कर्करोग झाला असल्यास तें डॉक्टरांना अवश्य सांगावें. या कारणांत पाप नाहीं, शाप नाहीं, कीं कोणाच्या वर्तनाचा दोषही नाहीं. हा रोग स्पर्शानें किंवा सहवासानें दुसऱ्यास होत नाहीं. ‘माझ्या हातून काय चुकलें?’ हा रात्रीं दोन वाजतां पुन्हां पुन्हां उठणारा प्रश्न शांतपणें बाजूस सारण्यास एवढें ज्ञान पुरेसें आहे.

दुसरी भीति शस्त्रक्रियेची. तिच्यांत पुष्कळसा भाग मागच्या पिढ्यांकडून आलेला असतो. १८७८ सालीं ब्रेस्लाव येथें फ्रॉइंड या शल्यविशारदानें पोट उघडून कर्करोगग्रस्त गर्भाशय काढून टाकण्याची रीत सिद्ध केली. परंतु त्यानंतर बरींच वर्षें अशा शस्त्रक्रियेंत दगावणाऱ्या स्त्रियांची संख्या फार मोठी होती. मुंबईस १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, तेव्हां कित्येक घरांतून या रोगाचें नांवही मोठ्यानें घेतलें जात नसे. आज भूल देण्याचें शास्त्र, रक्ताची सोय, जंतुनाशक औषधें आणि पुष्कळ ठिकाणीं दुर्बिणींतून, लहान छिद्रांवाटे, होणारी शस्त्रक्रिया यांमुळें चित्र पार पालटलें आहे. आजीच्या काळची गोष्ट ऐकून आजच्या शस्त्रक्रियेचा अंदाज बांधणें योग्य नव्हे.

मनाला अत्यंत पोखरणारा प्रश्न तिसरा: ‘रोग कोणत्या पायरीवर आहे?’ येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. एम्. आर्. आय्. सारख्या तपासण्यांवरून अंदाज बांधतां येतो. तथापि या रोगाची पायरी १९८८ पासून शस्त्रक्रियेनंतरच ठरविण्याची पद्धत आहे. गर्भाशय, त्याचें मुख, गर्भनलिका आणि बहुधा दोन्ही बीजांडकोश काढले जातात. आवश्यक वाटल्यास ओटीपोटांतील कांहीं लसिकाग्रंथीही तपासणीसाठीं घेतल्या जातात. तें सर्व सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावरच रोग किती खोल गेला होता आणि पुढें किरणोपचार किंवा औषधें लागतील कीं नाहीं, हें सांगतां येतें. म्हणजे आज जें उत्तर कोणापाशींच नाहीं, तें डॉक्टर लपवीत आहेत असें मानण्याचें कारण नाहीं. दिलाशाची बाजू अशी कीं, रक्तस्राव हें लक्षण लवकर दिसत असल्यामुळें बहुसंख्य स्त्रियांत हा रोग गर्भाशयापुरताच असतांना सांपडतो, आणि अशा वेळीं सांपडल्यास त्यांतील बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात.

‘या दोनतीन आठवड्यांत रोग पसरेल काय?’ हाही प्रश्न सर्वांना पडतो. हे दिवस तपासण्यांत आणि तयारींत जातात, व सामान्यतः एवढ्या अवधीनें निकालांत फरक पडत नाहीं. डॉक्टरांनीं तारीख ठरवितांना हा विचार केलेला असतो. तरी शंका असल्यास त्यांना तसें सरळ विचारावें. मात्र आपण होऊन तारीख पुढें ढकलूं नये. पितृपक्ष संपूं द्या, पुतण्याचें लग्न होऊं द्या, एकदां त्या वैद्यांचें औषध घेऊन पाहूं, अशा सबबींनीं आठवड्यांचे महिने होतात, आणि त्यांची भरपाई पुढें होत नाहीं.

वाट पाहण्याच्या या काळाला काम दिलें, तर तो कांहींसा सुसह्य होतो. आणि करण्याजोगें काम पुष्कळ आहे. रोज झेपेल तेवढें चालावें. श्वासोच्छ्वासाचा व्यायाम डॉक्टरांस विचारून आधींच सुरू करावा. भुलीनंतर फुप्फुसें साफ राहण्यास त्याचा उपयोग होतो. रक्तस्रावानें रक्त कमी झालें असल्यास तें भरून काढावें. मधुमेह व रक्तदाब आटोक्यांत आणावे. घरांत तंबाखू किंवा मिश्री असेल तर ती आजच सोडावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाचीं औषधें, काढे, चूर्णें, जें जें पोटांत जातें त्याची यादी भूलतज्ज्ञास द्यावी. त्यांतील कोणतें केव्हां थांबवावयाचें हें त्यांनींच सांगावें. रक्तस्राव एकाएकीं फार वाढला, ताप आला किंवा चक्कर येऊं लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

मनासाठीं एक साधी वही पुरते. रात्रीं जो प्रश्न छळतो तो तिच्यांत लिहावा, आणि डॉक्टरांच्या भेटीस जातांना ती वही व घरांतील एक शांत माणूस बरोबर न्यावें. कारण घाबरलेल्या कानांना निम्मेंच ऐकूं येतें. भेटीस येणाऱ्यांपैकीं कोणास किती सांगावयाचें हें बाईंनीं ठरवावें, आणि दाराशीं तसें बोलण्याचें काम घरांतील एकानें पत्करावें. प्रत्येक पाहुण्याची नात्यांतल्या कोणाची तरी हकीकत ऐकून घेण्यास रोगी बांधलेला नाहीं.

आणखी एक दुःख असतें. तें बोलून दाखविण्यास स्त्रिया संकोचतात. ‘पिशवी काढली’ एवढ्या दोन शब्दांत जग जी गोष्ट उरकतें, तिच्यांत तिच्या लेकरांची पहिली जागा असते. ज्या स्त्रीला मूल झालेंच नाहीं, किंवा जिला तें अद्याप हवें होतें, तिचें दुःख तर याहूनही गहन. तिला रडूं आलें तर ‘आतां या वयांत तिचा काय उपयोग?’ असें म्हणूं नये. तसेंच ‘तुला कांहीं एक होणार नाहीं’ हें आश्वासनही देऊं नये. तें देण्याचा अधिकार कोणास नसतो, आणि हें तिलाही कळतें. ‘जें होईल त्यांत आम्ही बरोबर आहोंत,’ हें वाक्य खरें असतें, म्हणूनच तें उपयोगी पडतें. झोप कित्येक रात्रीं लागत नसेल किंवा अन्नावरची वासना उडाली असेल, तर तेंही डॉक्टरांना सांगावें. त्यावरही उपाय आहेत.

त्या पुण्याच्या घरांत पाकीट कपाटांतून बाहेर आल्यावर आजार होता तेवढाच राहिला. पण कुजबुज थांबली. वहींत सतरा प्रश्न जमले. त्यांतील अकरांचीं उत्तरें डॉक्टरांनीं दिलीं, चारांचीं शस्त्रक्रियेनंतर मिळतील असें सांगितलें, आणि उरलेले दोन बाईंनीं स्वतःच खोडले. मुलगा चार दिवस आधींच घरीं आला. पहांटेस रुग्णालयांत निघावयाचें होतें, त्या रात्रीं यजमानांनीं प्रथमच कबूल केलें कीं, आपल्यालाही फार भीति वाटते. तेव्हां बाई म्हणाल्या, “मग हें आधीं सांगायचें नाहीं का? मला वाटलें, मी एकटीच घाबरलें आहें.”

शस्त्रक्रिया शल्यविशारद करील. तिच्या आधींचे दिवस मात्र घरानें मिळून पार पाडावयाचे असतात.