टर्बोच्या मागची नळी



लोणावळ्याहून टायगर पॉइंटला जाणारा रस्ता पावसाळ्यात बहुतेकांनी पाहिलेला असतो. तोच रस्ता पुढे ॲम्बी व्हॅलीला जातो. तिथे एक खासगी धावपट्टी आहे आणि गेल्या दशकात तिच्यावर ‘व्हॅली रन’ नावाची शर्यत भरत आली. गाडी उभी, दिवा हिरवा झाला की सुटायचं आणि ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल, सरळ रेषेत कमीत कमी वेळात कापायचं. वळण नाही, घाट नाही. इंजिनात किती दम आहे तेवढंच तिथे दिसतं.

अशा शर्यतीचा विषय निघाला की निस्सान जीटी-आरचं नाव निघतंच. ३.८ लिटरचं व्ही-६ इंजिन, त्याला दोन टर्बो. २०१६ मध्ये ती भारतात विक्रीला आली तेव्हा तिची ताकद ५७० हॉर्सपॉवर होती. आपल्याला आणखी जवळचं उदाहरण हवं असेल तर मावळाच्या शेजारी चाकणला मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात २०२० पासून एएमजी जीएलसी ४३ कूपेची जुळणी सुरू झाली. तिथेही व्ही-६ आणि दोन टर्बो, ताकद ३९० हॉर्सपॉवर.

आता अशी एखादी गाडी घेऊन कोणी ती ६०० हॉर्सपॉवरपर्यंत नेली, तर तिच्या एक्झॉस्टची नळी किती इंची असावी? तळेगाव-वडगावपासून पिंपरीपर्यंत कुठल्याही गॅरेजात हा प्रश्न टाका, दोन उत्तरं मिळतील. एक म्हणेल, बसेल तेवढी मोठी टाका. दुसरा म्हणेल, थोडं बॅक प्रेशर, म्हणजे वायूला अडवणारा मागचा दाब, पाहिजेच, नाहीतर पिकअप जातो. मला यातलं पहिलं उत्तर बरंचसं बरोबर वाटतं. दुसरं टर्बोच्या गाडीला लागूच होत नाही. ते का, हे आज सांगायचं आहे.

टर्बोला दोन चाकं असतात, एकाच दांड्यावर. एका बाजूचं चाक, म्हणजे टर्बाइन, इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूवर फिरतं. दुसऱ्या बाजूचं चाक ताजी हवा दाबून इंजिनात ढकलतं. त्यामुळे एक्झॉस्टचे दोन तुकडे पडतात, टर्बाइनच्या आधीचा आणि नंतरचा. आणि या दोन तुकड्यांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत. आधीचा तुकडा आखूड आणि बेताच्या मापाचा हवा. वायू तापलेलाच राहिला पाहिजे, वेगात राहिला पाहिजे, कारण त्यातूनच टर्बाइनला काम मिळतं. नंतरच्या तुकड्याचं काम एवढंच, की वायूला वाट मोकळी करून द्यायची.

कारण टर्बाइन फिरतं ते दोन्ही बाजूंच्या दाबातल्या फरकावर, नेमकं सांगायचं तर गुणोत्तरावर. समजा टर्बाइनच्या आधी दाब ३ बार आहे आणि नंतर १.२ बार. गुणोत्तर झालं अडीच. आता मागची नळी अरुंद निघाली आणि तिथला दाब १.४ बार झाला. तेच अडीचचं गुणोत्तर टिकवायचं तर आधीचा दाब साडेतीन बार करावा लागेल. वेस्टगेट, म्हणजे जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप, मिटून घेऊन टर्बो नेमकं तेच करतो. म्हणजे मागे ०.२ बारचा अडथळा आला आणि इंजिनाच्या तोंडाशी तो ०.५ बार होऊन बसला. जळका वायू सिलिंडरमध्ये मागे राहतो, तापमान चढतं, नॉकिंग, म्हणजे इंधनाचं अवेळी भडकणं, सुरू होतं, मग ट्यूनरला स्पार्क मागे घ्यावा लागतो. दोन लाखांचे टर्बो लावायचे आणि नळीत पंधरा मिलिमीटर वाचवायचे, यात मला काही अर्थ दिसत नाही.

मग बॅक प्रेशरची समजूत आली कुठून? तिच्यामागे एक खरी गोष्ट आहे, आणि ती समजायला आपला बोर घाटच उपयोगी पडतो. १८६३ साली या घाटातून रेल्वे सुरू झाली, सदतीस फुटांमागे एक फूट अशा चढाची. १९२९च्या सुमारास विजेची इंजिनं येईपर्यंत हा चढ वाफेच्या इंजिनांनी चढला. वाफेच्या इंजिनात सिलिंडरमधून वापरून झालेली वाफ एका अरुंद तोटीतून धुराड्यात सोडतात. ती जोरात वर जाते आणि जाताना भट्टीतली हवा ओढून घेते, म्हणून कोळसा भडकतो. तोटी अरुंद केली की ओढ वाढते, वाफ जास्त मिळते, पण पिस्टनच्या पाठीवर दाबही राहतो. रुंद केली की पिस्टन मोकळा होतो आणि भट्टी मंदावते. चढावर जिथे वाफेचा प्रत्येक श्वास हवा, तिथे हे माप ठरवणं हा मोठा प्रश्न होता. इंजिनिअरांनी त्यावर अनेक दशकं डोकं चालवलं.

टर्बो नसलेल्या मोटारीतही थोडं असंच घडतं. सिलिंडरमधून सुटलेला वायूचा झोत वेगाने पुढे गेला की त्याच्या मागे ओढ तयार होते आणि सिलिंडरमधला उरलेला वायू बाहेर खेचला जातो. नळी फार रुंद केली की झोत मंदावतो, ओढ जाते आणि कमी आरपीएमला गाडी सुस्त वाटते. म्हणजे उपयोग होता तो वेगाचा. बॅक प्रेशर ही त्या वेगासाठी मोजलेली किंमत होती, आणि लोकांनी तिलाच फायदा मानलं. टर्बोच्या गाडीत हे झोत टर्बाइनच्या पात्यांवर आदळून विस्कटतात. पुढच्या नळीतली ओढ सिलिंडरपर्यंत फारशी पोचत नाही. मग टर्बाइननंतर नळी अरुंद ठेवून मिळवायचं तरी काय?

आता मापाकडे येऊ. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. ६०० हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन पूर्ण ताकदीवर सेकंदाला साधारण ४५० ग्रॅम हवा ओढतं. त्यात पेट्रोल मिळवलं की जवळजवळ अर्धा किलो वायू बाहेर पडतो. टर्बाइनमधून निघताना त्याचं तापमान ७५० ते ८०० अंश सेल्सिअस असतं. एवढा तापलेला वायू इतका विरळ होतो, की अर्धा किलोला दीड घनमीटरहून थोडी जास्त जागा लागते. दर सेकंदाला!

हा सगळा वायू एकाच तीन इंची नळीतून घालवला तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३७० मीटर होतो. त्या तापमानाला वायूत आवाजाचा वेग सुमारे ६३० मीटर असतो. नळीतला वेग याच्या एक तृतीयांशाच्या आसपास ठेवावा, म्हणजे २०० मीटर धरा. ३७० हा फारच झाला, कारण वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट होतो. साडेतीन इंचीत वेग २७० वर येतो, चार इंचीत २०० च्या थोडा वर. दोन टर्बोंना दोन स्वतंत्र अडीच इंची नळ्या दिल्या तर पुन्हा २७०, कारण दोन अडीच इंची नळ्यांचं क्षेत्रफळ एका साडेतीन इंचीएवढंच भरतं. तीन इंची दोन नळ्या दिल्या तर १८५.

म्हणून ६०० हॉर्सपॉवरला माझी पसंती तीन इंची दोन नळ्यांना, किंवा दोन्ही डाउनपाइप, म्हणजे टर्बोमधून निघणाऱ्या पहिल्या नळ्या, एकत्र आणायचे असतील तर पुढे एका चार इंचीला. रोजच्या वापराच्या गाडीला एक साडेतीन इंची चालून जाईल, कारण तिथे पूर्ण ताकद काही सेकंदच लागते. जीटी-आरसाठी बाजारात मिळणारे एक्झॉस्ट बहुधा ९० आणि १०२ मिलिमीटरचे असतात, म्हणजे आपलंच साडेतीन आणि चार इंच. चाकणच्या ३९० हॉर्सपॉवरच्या गाडीला अडीच इंची दोन नळ्या पुरेत. एकच तीन इंची नळी साडेतीनशे हॉर्सपॉवरच्या आसपासपर्यंत ठीक.

एक बारीक गोष्ट, जी बिलात दिसत नाही. तीन इंची म्हणून दुकानात मिळते ती नळी बाहेरून तीन इंच असते, ७६ मिलिमीटर. पत्रा दीड मिलिमीटरचा, दोन्ही बाजूंचा मिळून तीन. व्हर्निअर आतून लावला की माप येतं ७३. क्षेत्रफळात आठ टक्के तिथेच गेले. त्यात साध्या मशिनवर नळी वाकवली तर वळणाच्या आतल्या अंगाला सुरकुत्या पडतात आणि गोल भोक चपटं होतं. बाहेरून तीन इंची दिसणारा बेंड आतून पावणेतीनचाही उरत नाही. आत मँड्रेल, म्हणजे घट्ट बसणारा दांडा, घालून वाकवलेले बेंड घ्या, किंवा नळीच्या तिरक्या चकत्या कापून जोडून घ्या. पैसा नेमका कुठे घालायचा असं कोणी विचारलं तर मी टर्बोला लागून असलेल्या डाउनपाइपवर बोट ठेवीन. तिथे वायू सर्वांत तापलेला, म्हणून सर्वांत फुगलेला असतो. मागच्या टोकाला पोचेपर्यंत तो दोन-तीनशे अंशांनी निवतो आणि आकसतो, तेव्हा चार इंचीची पुढे साडेतीन झाली तरी बिघडत नाही. दोन नळ्या जिथे मिळतात तो सांधा मात्र निमुळता, लांबट कोनाचा असावा. काटकोनात जोडलेल्या नळ्यांचे झोत एकमेकांवर आपटतात.

लोणावळ्याचा म्हणून एक हिशेब वेगळा आहे. खोपोलीहून घाट चढून वर आलं की आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर असतो आणि हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी उतरलेला असतो. इंजिनात तेवढाच बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, भरायला टर्बोला जास्त फिरावं लागतं, तेव्हा मागची वाट मोकळी असणं इथे अधिकच मोलाचं. त्यात आपला पाऊस. साध्या पत्र्याची नळी इथे काही पावसाळ्यांतच जोडांपाशी गंजते, म्हणून ३०४ स्टेनलेस घ्यावं. आणि चार इंची नळी गाडीखाली लोंबत असेल तर पहिल्याच गतिरोधकावर ती खरवडते. तिथे लंबगोल नळी वापरतात, क्षेत्रफळ तेच आणि उंची कमी.

आवाजाबद्दल मला आग्रहाने बोलायचंय. मोठी नळी म्हणजे मोठा आवाज, हे खरं नाही. आवाज सायलेन्सर काढल्याने होतो. सरळ भोकाचे, भोवती काचेची लोकर भरलेले सायलेन्सर वायूला जवळपास अडवत नाहीत आणि आवाज मात्र गिळतात. असे दोन बसवले तर ताकद जागेवर राहते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तर काढूच नये. मोठ्या जाळीचे, जास्त वायू सोडणारे कन्व्हर्टर मिळतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही, आणि आवाज-प्रदूषणाची मर्यादा मोडली तर कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्ससाठी अपात्र, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने झाली आहे. शनिवारी रात्री खंडाळ्याच्या वळणांवर फटाके फोडत जाणाऱ्या गाड्यांनी त्या रस्त्यालगतच्या घरांची झोप उडते. त्या घरांत म्हातारी माणसं आहेत, तान्ही मुलं आहेत. शर्यतीची नळी शर्यतीच्या पट्टीवर वापरावी आणि व्ही-बँड क्लॅम्प सोडून घरी येताना बदलावी. अर्ध्या तासाचं काम आहे.

नळी बसवून झाली की अंदाजावर राहू नका. डाउनपाइपवर ऑक्सिजन सेन्सरचं भोक असतं. डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, त्यात थोड्या वेळासाठी तांब्याची बारीक नळी आणि प्रेशर गेज लावा आणि पूर्ण बूस्टवर आकडा वाचा. बाहेरच्या हवेपेक्षा ०.१ बारच्या आसपास जास्त असेल तर माप बरोबर आहे, आणखी खर्च करू नका. ०.२ च्या वर गेला तर आधी बेंड, मग कन्व्हर्टर, मग सायलेन्सर या क्रमाने एकेक सोडून तपासा. बहुतेक वेळा दोष नळीच्या इंचांत सापडत नाही, तो एखाद्या चपटलेल्या बेंडमध्ये असतो.