मार एकाला, निरोप शेजाऱ्याला
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



दर बैठकीत आपण भावावर आणि कर्जावर बोलतो. आज आपण पिकाच्या बोलण्यावर बोलणार आहोत. पीक बोलते, ही काही कवीची कल्पना नाही, प्रयोगशाळेत मोजलेली गोष्ट आहे. आणि ते बोलणे आपल्या कानी पडत नाही, त्याचा भुर्दंड फवारणीच्या खर्चात आपणच भरतो.

सुरुवात माशापासून करू. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या कार्मेल मदरसिल आणि कॉलिन सेमूर यांच्या गटाने २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ट्राउट जातीच्या माशांना जीव जाणार नाही इतका किरणोत्सर्गाचा मारा दिला. मग त्यांच्या पाण्यात दुसरे मासे सोडले, ज्यांना किरण लागलेच नव्हते. त्या माशांच्या शरीरातही मार बसल्याच्या खुणा सापडल्या. पुढे मार खाल्लेला मासा काढून घेतला आणि त्याच्या नुसत्या पाण्यात दुसरा मासा सोडला. तरी तेच! मासा माशाला भेटलाही नाही, निरोप मात्र पोचला. तो पाण्यात उतरलेल्या रसायनातून गेला.

झाडांचे काय? २०११ साली कॅनडातल्याच लेथब्रिज विद्यापीठातले काम प्रसिद्ध झाले. मोहरीच्या कुळातल्या एका लहान रोपाला तीव्र अतिनील किरणांचा मारा दिला. शेजारच्या रोपाला किरण लागू दिला नाही, हवा तेवढी एक ठेवली. शेजाऱ्याच्या पेशींतही गुणसूत्रांची मोडजोड वाढली. इथे निरोप हवेतून गेला.

तुम्ही म्हणाल, आमच्या शेतात हे किरण कुठले? खरे आहे. उन्हातले इतके तीव्र अतिनील किरण वरचा हवेचा थर अडवतो. पण आपले पीक अळीचा मार खाते, कोळ्याचा खाते, उपासमारीचा खाते. आणि या माराचे निरोपही असेच जातात.

हॉलंडमध्ये १९९२ साली कपाशीवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. कोळी लागलेल्या रोपांवरून येणारा वारा निरोगी रोपांना लागू दिला. त्या निरोगी रोपांवर मग कोळ्यांनी अंडी कमी घातली, आणि कोळ्यांना खाणारे मित्रकोळी तिकडे जास्त ओढले गेले. अमेरिकेत १९९८ साली दिसले ते याहून पुढचे. बोंडअळीने पान खाल्ले की कपाशी वास सोडते, आणि त्या वासावर गांधीलमाशीच्या कुळातली एक बारीक माशी येऊन अळीच्या अंगात अंडी घालते. दोन जवळच्या जातींच्या अळ्या असतील तर वासही दोन. माशीला हवी ती अळी जिथे, तिथेच ती उतरते. आणि १९९५ सालच्या एका अमेरिकन तपासणीत रानात रुळलेली कपाशी बाजारातल्या वाणांपेक्षा सरासरी जवळजवळ ७ पट वास सोडताना आढळली. वाण निवडताना ही बाजू कुणी पाहिली का, हे आपण विचारले पाहिजे.

जमिनीखालीही हेच चालते. कपाशीच्या मुळांतून झिरपणारे स्ट्रायगॉल हे रसायन १९६६ साली वेगळे काढले गेले. ते टारफुल्याचे बी रुजवते, आपल्या ज्वारीचा रस पिणाऱ्या टारफुल्याचे! मग पीक असले रसायन सोडतेच कशाला? याचे उत्तर २००५ साली जपानमधून आले. ही हाक मुळाशी राहणाऱ्या मित्रबुरशीला असते. जमिनीत स्फुरद कमी पडला की ज्वारीची मुळे ही हाक वाढवतात, आणि बुरशी त्यांना स्फुरद आणून देते. टारफुला ती हाक चोरून ऐकतो. पण कपाशीच्या मुळाशी तो रुजला तर तिथे त्याला दाणापाणी मिळत नाही. तो उपाशी मरतो.

मग आपण करायचे काय?

पहिली गोष्ट, तारीख बघून फवारू नका. निरोप ऐकून धावून आलेली माशी आपणच सरसकट औषधाने मारली, तर झाडाची हाक वाया जाते. आधी झाडे तपासा, मित्रकीटक किती ते पाहा.

दुसरी, कामगंध सापळे लावा. मादी पतंगाच्या निरोपाचीच ती नक्कल आहे. गुलाबी बोंडअळीचे ८ पतंग एका सापळ्यात सलग ३ रात्री सापडले, तर उपाय करण्याची वेळ आली असे समजा. ही अळी एकदा बोंडात शिरली की मित्रमाशीचा हात तिथवर पुरत नाही. तेव्हा गरज पडेल तिथे फवारावे लागेल, ते आम्ही नाकारत नाही.

तिसरी, टारफुला असलेल्या वावरात ज्वारीवर ज्वारी घेऊ नका. कपाशीचा फेरपालट ठेवा, आणि ज्वारीला स्फुरद कमी पडू देऊ नका.

२०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक शेतकरी आणि मजूर दगावले. प्रत्येक टाळलेल्या फवारणीत पैसा वाचतो, आणि पाठीवर पंप घेणाऱ्याचा जीवही. म्हणून पंप उचलण्याआधी वावरात एक फेरी मारा. पुढच्या बैठकीला येताना सापळ्यातल्या पतंगांचे आकडे वहीत लिहून आणा. आपण ते गावागावांचे आकडे एकत्र मांडू.