किंगरीची बैठक



चार माणसं वाद्यं घेऊन बसली की आपल्या डोळ्यांपुढे भजनी मंडळ येतं. टाळ, खंजिरी, एकतारी. पण आपल्याच यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, पांढरकवडा, झरी-जामणीकडे, आणखी एक बैठक जमत आली आहे. ती प्रधानांची. प्रधान म्हणजे गोंडांचे परंपरागत कथागायक. कुळांच्या उत्पत्तीच्या, देवांच्या आणि गोंडांचा आद्य धर्मगुरू पहांदी कुपार लिंगो याच्या कथा त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ ठेवल्या.

त्यांचं मुख्य वाद्य किंगरी. पैनगंगेपलीकडे, आदिलाबादकडे, तिला किकरी म्हणतात. पोकळ लाकडावर कातडं मढवलेलं, तीन तारा आणि वाजवायला गज. तुणतुण्याची तार छेडली की सूर लगेच विरू लागतो. गजाचं तसं नाही. गज फिरतोय तोवर सूर टिकतो, गळ्यासारखा लांबवता येतो. म्हणून गाणारा दम घ्यायला थांबला, तरी कथा तुटत नाही. किंगरी ती पुढे धरून ठेवते.

मुख्य गायक स्वतःच किंगरी वाजवतो. सोबतचे त्याची ओळ उचलतात. ही नुसती साथ नव्हे. समोर पोथी नसते. साथीदार ओळ घोळवतात तेवढ्यात गाणाऱ्याला पुढची ओळ जुळवता येते. मोठ्या कार्यात सनईच्या जातीचं पेपरे आणि तुतारीसारखं कालिकोमही असतं. पौष अमावास्येला आदिलाबादकडच्या केसलापूरला नागोबाच्या जत्रेत ही वाद्यं एकत्र ऐकू येतात.

या बैठकीत आणखी एक भागीदार असतो, तो म्हणजे यजमान. प्रधान घराणी ठरावीक गोंड कुळांशी बांधलेली. पेर्सापेन या कुळदेवाची पूजा असो की मयताचं कार्य, त्या कुळाची कथा त्यांनीच गायची आणि यजमानाने धान्य, कपडे, कधी जनावर द्यायचं. ऐकणारे त्याच कुळाचे. आपल्या पूर्वजाचं नाव कुठे यायला हवं, हे त्यांना ठाऊक असतं. अशा श्रोत्यांपुढे गाणाऱ्याला ओळ गाळून चालत नाही.

आता एक नवल. 1940 च्या दशकात आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहून अभ्यास करणाऱ्या फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी नोंदवलं आहे की प्रधानांची घरची बोली मराठी, पण कथा ते गोंडीत गातात. म्हणजे गोंडांची महाकथा सांभाळली ती मराठी बोलणाऱ्या घरांनी.

त्याआधीची नोंद नागपूरची आहे. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका प्रधानाच्या तोंडून लिंगोची कथा उतरवून घेतली. 1863 मध्ये ते गेले आणि 1866 मध्ये ब्रिटिश प्रशासक रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद छापून काढले. कथेचे शब्द ग्रंथालयात पोचले. किंगरी मात्र बाहेरच राहिली. हिस्लॉप आणि टेंपल यांची नावं आपण घेतो, गाणाऱ्याचं कोण घेतं?

आज शिकलेला मुलगा नोकरीच्या मागे जातो, यजमानाचीही शेती वाटण्या होऊन कमी होते. त्यात गैर काही नाही. पण अशाने बैठका विरळ होतात. मग आपण किंगरीला महोत्सवाच्या मंचावर बोलावतो, दहा मिनिटं देतो, शाल घालतो. सन्मान होतो, पण रात्रभराच्या कथेचं तेवढ्यात काय होणार? ना पूजा, ना कुळ, ना चूक पकडणारे कान. उरतो फक्त सूर.

ध्वनिमुद्रणाची साधनं आता खिशात आली आहेत. तेव्हा करायचं तर एवढं करू या. यजमानाच्या परवानगीने, त्याच्याच अंगणात, पूर्ण कथा मुद्रित करावी. वाजवणाऱ्याचं, साथीदारांचं आणि गावाचं नाव त्यांना विचारून नोंदवावं. आणि पहिली प्रत त्याच गावात ठेवावी, म्हणजे पुढे एखाद्या मुलाने गज हातात घेतला, तर त्याला शिकायला नागपूर-मुंबई गाठावी लागणार नाही.