वीतभर काठ

लहान होड्या आणि त्या सुरक्षित चालवण्याचे नियम, असा आजचा विषय आहे. तो एका कवीकडे कसा आला, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं. पण खरं सांगायचं तर नाव, किनारा आणि वादळ यांवर आम्हा कवींनी जेवढं लिहिलं, तेवढं खलाशांनीही लिहिलं नसेल. माझ्याच दोन संग्रहांत मिळून अकरा नावा निघाल्या. काल रात्री मुद्दाम मोजल्या. त्या अकरांपैकी एकाही नावेत माणसं किती बसली होती, याचा उल्लेख नाही.

माझं आजोळ इंदापूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. १९८० साली उजनी धरण पुरं झालं आणि नदीचा समुद्र झाला. सुमारे ११७ टीएमसीचं पाणी. जुनी गावं खाली गेली, माणसं वर माळावर आली. पळसदेवचं जुनं देऊळ अजून उन्हाळ्यात पाणी उतरलं की डोकं वर काढतं, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. पूर्वी नदी ओलांडली की करमाळा तालुका लागायचा. आता मधे मैलमैल पाणी आलं. जमिनी बुडाल्या, नाती मात्र बुडाली नाहीत. ती पलीकडेच राहिली. रस्त्यानं जायचं तर जलाशयाला मोठा वळसा, म्हणून लोक होडीनं जाऊ लागले. लग्नाला, बाजाराला, दवाखान्याला, सगळ्याला होडी.

मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असेन. पलीकडच्या गावात आमच्या नानीच्या भाचीचं लग्न होतं. आम्ही दहा-बारा जण, शिवाय पितळी भांडी, एक ट्रंक आणि तांदळाची गोणी. नावाडी साठीचा होता, सगळे त्याला तात्या म्हणत. निम्मी माणसं बसल्यावर त्यानं बाहेरच्या बाजूनं काठावर हात ठेवला. अंगठा काठाला आणि करंगळी पाण्याकडे. मग म्हणाला, ‘‘बास. वीतभर काठ ऱ्हायला. पाव्हणं, तुमी दुसऱ्या खेपंला या.’’

पाव्हणं म्हणजे आमचे थोरले मामू. नवा सफारी घातलेला, लग्नघरचा कर्ता माणूस. ते म्हणाले, ‘‘तात्या, माणसाला काय वजन असतंय?’’ तात्या म्हणाला, ‘‘पाण्याला इचारा.’’ मामू उतरले. दीड तास ऊन खात काठावर बसले, निकाहाला पोचले ते फुरंगटूनच. पुढं कित्येक वर्षं ते तात्याचं नाव निघालं की तोंड फिरवायचे.

तात्याचे आणखी काही नियम होते. होडी चालू असताना उभं राहायचं नाही. जड सामान मधे आणि तळाला. शेळी नेली तर तिचे पाय बांधायचे. आणि वैशाखात दुपार कलली की खेप नाही, मग कुणी कितीही पैसे देवो. पश्चिमेला ढग दिसला की तो होडी काठावर ओढून खुंटीला बांधायचा आणि तंबाखू मळत बसायचा. आम्हा पोरांना तो आळशी वाटायचा.

हे नियम त्याला कुणी शिकवले होते, ठाऊक नाही. पण प्रत्येकामागं शास्त्र आहे. पाण्यापासून काठ जितका उंच, तितकी लाट आत यायला अवघड. माणसं बसलेली असली की होडीचा भार खाली राहतो. सगळे एकदम उभे राहिले की तो वर चढतो आणि होडी कलायला लागते. एका बाजूला कलली की घाबरलेली माणसं दुसऱ्या बाजूला धावतात आणि ती तिकडं पालथी होते. आत शिरलेलं पाणी तर आणखी वाईट, कारण ते नेहमी कललेल्या बाजूलाच धावतं. ओंजळभर आहे तोवर उपसायचं, ते याचसाठी. आणि वळवाचं वारं. मोकळ्या जलाशयावर त्याला अडवायला झाड नाही, टेकडी नाही. आडव्या होडीवर ते आपटलं की विचार करायलाही वेळ मिळत नाही.

२१ मे २०२४ ला संध्याकाळी हेच झालं. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडं एक होडी निघाली होती. आत सात जण. मधे वादळी वारं सुटलं, होडी उलटली. एक जण पोहत काठाला आला, सहा जण गेले. त्यांत दोन लहान मुलं होती. एनडीआरएफची पथकं आली, शोध दोन दिवस चालला. त्या दोन रात्री मी पुण्यात टीव्हीसमोर बसून होतो. पडद्यावर तेच पाणी होतं. मला तात्याची खुंटी आठवत होती.

नियम नव्हते असं नाही. ब्रिटिशांनी १९१७ साली देशातल्या नद्या-जलाशयांतल्या यांत्रिक होड्यांसाठी कायदा केला. तो शंभर वर्षांहून अधिक चालला आणि त्याच्या जागी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. त्यात इंजिनाच्या होडीची नोंदणी आहे, तपासणी आहे, चालवणाऱ्याला प्रमाणपत्र आहे, विमा आहे. वल्ह्याच्या साध्या होड्यांचीही स्थानिक पातळीवर नोंद व्हावी, अशी तरतूद आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कारण मुंबईतला साहेब कुगावच्या धक्क्यावर उभा राहणार नाही. ग्रामपंचायतीचा शिपाई राहू शकतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१७ मध्ये होड्यांच्या सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वंही काढली. किती माणसं, जाकिटं किती, हवामान कसं, सगळं त्यात येतं. वाचताना मला वाटलं, हा तर आमचा तात्याच सरकारी भाषेत बोलतोय.

इंग्लंडात सॅम्युअल प्लिमसोल नावाचे एक खासदार होते. मालक जहाजं वाटेल तशी भरत आणि खलाशी बुडत, म्हणून ते पार्लमेंटात भांडले. १८७६ च्या कायद्यानं जहाजाच्या बाजूला भाराची रेघ मारणं सक्तीचं झालं. रेघ पाण्याखाली गेली की भार जास्त. त्या रेघेला आजही त्यांचं नाव आहे. तात्याकडे रंग नव्हता म्हणून तो वीत वापरायचा, एवढाच फरक. आपल्या प्रत्येक होडीवर अशी रेघ आणि तिच्याशेजारी माणसांचा आकडा मराठीत, ठळक रंगवायला असा किती खर्च येईल?

कारण बातम्या वाचा, तेच ते. ७ मे २०२३ ला केरळात तानूरला होडी उलटली, बावीस गेले. अंधार पडल्यावर, क्षमतेपेक्षा जास्त माणसं. १८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तलावात सहलीला आलेली शाळेची मुलं गेली. तो तर शहरातला तलाव. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली. तिथं चूक प्रवासी बोटीची नव्हती. पण बोटीत शंभरावर माणसं होती आणि जाकिटं सगळ्यांच्या अंगात नव्हती. त्यानंतर गेटवेच्या प्रवाशांना जाकीट सक्तीचं झालं. आधी अपघात आणि मग जाकीट, हा आपला क्रम.

पुणेकराला वाटेल, आपला याच्याशी काय संबंध? आपलं पाणी नळाचं. संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुलं अजून वल्ही मारतात, बाकी शहरात नदीकडं पाहतो कोण? पण थंडीतल्या रविवारी भिगवणला जाऊन पाहा. डिकसळ, कुंभारगावच्या काठावर सगळ्या गाड्या पुण्याच्या. रोहित पक्षी पाहायचे, फोटो काढायचे आणि परत येताना मासळीचं जेवण.

मीही गेलो होतो, २०१६-१७ च्या सुमाराला. बरोबर पत्नी आणि मुलगी. होडीत आधीच सहा-सात जण होते, नावाड्यानं आम्हाला हात दिला. जाकिटं होती, पण फळीखाली घडी घालून ठेवलेली. मला काठ दिसत होता. वीतभर नव्हता, चार बोटं असेल. मी, तात्याच्या होडीत बसलेला माणूस, गप्प बसलो. लोक काय म्हणतील, एवढंच कारण. रोहित उडाले तेव्हा सगळे उजवीकडं झुकले, होडी कचकन कलली आणि माझ्या मुलीनं माझी बाही धरली. काही झालं नाही. परतताना मी नावाड्याला वर बक्षिसीही दिली. ही गोष्ट मी घरात आजवर बोललेलो नाही. रेडिओवर बोलतोय.

मराठीत आपण म्हणतो, बुडत्याला काडीचा आधार. भाषेच्या दृष्टीनं सुंदर, पण काडी कुणाला तरंगवत नाही. जाकीट तरंगवतं. आतल्या फोममुळं मान वर राहते, पोहता येत नसलं तरी. मात्र ते मापाचं हवं आणि पट्टे आवळलेले हवेत. मोठ्या माणसाचं जाकीट लहान मुलाला घातलं तर पाण्यात मूल खालून निसटतं, जाकीट वर राहतं. लहान मुलांची जाकिटं वेगळी मागा. नसतील तर काठावरूनही पक्षी दिसतात.

गेल्या जानेवारीत पुन्हा गेलो. या वेळी नावाडी विशीतला होता. त्यानं आधी जाकिटं वाटली. आमच्याबरोबरच्या एका काकांनी, फोटोत बरं दिसत नाही म्हणून, ते काढून मांडीवर ठेवलं. पोरानं इंजिन सुरूच केलं नाही. बसून राहिला मोबाइल पाहत. पाच मिनिटांनी काकांनी जाकीट घातलं, नाक मुरडत. त्याला मासळीचा वास येत होता, माझ्याही येत होता, आणि माझ्या जाकिटाची एक कडी तुटलेली म्हणून तिथं पायजम्याची नाडी बांधली होती. मी बाहेरच्या बाजूनं काठावर हात ठेवून पाहिला. पोरानं विचारलं, ‘‘काय मोजताय काका?’’ मी म्हटलं, ‘‘काही नाही. चल.’’