लंडन ते लीड्स, वाटेत दोन वाडे

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक इंग्लंडमध्ये लीड्सला नोकरीला आहे. ताई मे महिन्यात तिच्याकडे निघाल्यात, म्हणून आम्ही सगळ्यांनी बसून लंडनपासूनची वाट आखली. सरदार-उमरावांचे जुने वाडे तिथे पुष्कळ. आम्ही दोनच धरले. रोज एक म्हटलं तर पायही जातात आणि पैसाही.

पहिला हार्डविक हॉल. रेल्वेने चेस्टरफिल्डला उतरायचं, पुढे टॅक्सी. १५९०च्या दशकात तो बेस नावाच्या बाईने बांधून घेतला. चार नवरे गेले तिचे. काच महाग असतानाही भिंतीभर खिडक्या केल्या, आणि मनोऱ्यांवर आपल्या नावाची अक्षरं दगडात! इथे सातबाऱ्यावर नाव लावायला आपण किती हेलपाटे घालतो.

दुसरा हेअरवुड, लीड्सहून बसने. छताची नक्षी बघत राहावी अशी. पण त्यामागचा पैसा कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांचा, गुलामांच्या कष्टाचा. हे ऐकून ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या बायका गप्पच झाल्या. ताईंना सांगितलंय, छत बघा, पण उसाचंही विचारा.

आणि हो, थंडीत बरेच वाडे बंद असतात. उघडे वार बघूनच रेल्वेचं तिकीट काढायचं. नॅशनल ट्रस्टचं कार्ड हार्डविकला चालतं, हेअरवुडला वेगळं तिकीट.