हाड जुळले, हात बरा झाला काय?



हाडांविषयी बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला, असे आपणांस वाटेल. आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा कारखान्याच्या फाटकाबाहेर आणि भरपाईच्या अर्जांवर भरली. पण त्याच अर्जांनी आमच्यापुढे एक प्रश्न टाकला आहे: मोडलेले कोपर बरे झाले, हे ठरवायचे कोणी?

कोपरात तीन हाडे भेटतात. दंडाचे एक आणि मनगटाकडे जाणारी दोन. हात दुमडणे आणि तळवा उताणा-पालथा करणे, ही त्याची दोन कामे. ओंजळीने पाणी प्यायचे तर दोन्ही एकदम लागतात, आणि ओंजळीचे मोल महाडकरांना सांगायला नको. हा सांधा मोठा हट्टी. प्लास्टरमध्ये फार दिवस राहिला की आखडतो. म्हणून हल्ली शक्य तेथे तारा किंवा पट्टी बसवून लवकर हालचाल सुरू करतात. उलट, घाईने जोरजोरात चोळले तर स्नायूत हाड बनू लागण्याचा धोका असतो.

निरोगी कोपर सुमारे १४० अंश वाकते. अमेरिकेतील डॉ. मोरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली मोजून सांगितले, की रोजच्या बहुतेक कामांना ३० पासून १३० अंशांपर्यंतची हालचाल पुरते. पुरते खरी, पण कोणाला? कचेरीत लिहिणाऱ्याला पुरेल. महाडच्या औद्योगिक वसाहतीत पिंपे चढवणाऱ्याला, पोलादपूरच्या चढणीवर डोईवरचा हंडा सावरणाऱ्या बाईला तेवढीच पुरेल काय?

हे शास्त्राच्याही ध्यानात आले. १९९६ साली ‘डॅश’ नावाची ३० प्रश्नांची यादी निघाली आणि २००८ साली ऑक्सफर्डची, खास कोपरासाठी, १२ प्रश्नांची. येथे डॉक्टर मोजत नाही, रोगी सांगतो. अंघोळ, कपडे जमतात का? ओझे उचलते का? रात्री ठणक लागून झोप मोडते का? मन सारखे त्या कोपरातच गुंतले आहे का? आपल्याकडे त्यांत हंडा, विळा आणि भाताची लावणी घालावी लागेल, इतकेच.

रोग्याचे ऐकून विद्या वाढते, हे या तालुक्याला नवीन नाही. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी बिरवाडीला विंचूदंशाच्या रोग्यांच्या उशाशी बसून लक्षणे टिपली. १९८२ साली ती ‘लॅन्सेट’ने छापली.

कायद्याचे माप मात्र वेगळे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली, पंजा गेला तर ६० टक्के, असे कोष्टक आखून दिले. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आले. आखडलेल्या कोपराला त्या कोष्टकात घर नाही. त्याचा आकडा डॉक्टरांच्या तपासणीवर ठरतो. म्हणजे त्या दहा मिनिटांत कामगार काय बोलतो, याला मोल आले. आणि तो बोलतो काय? ‘बरं आहे, साहेब.’ ठेकेदार दुसरा माणूस घेईल, ही धास्तीच त्याच्या तोंडून बोलते. दुखणे वाढवून सांगणारेही आम्ही पाहिले आहेत. पण लपवणारे कितीतरी अधिक.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. प्लास्टर निघाल्यावर विचारा, तीन महिन्यांनी विचारा, वर्षाने पुन्हा विचारा. मुकादमासमोर नको, एकांतात विचारा. आणि उत्तर रोग्याच्याच शब्दांत केसपेपरवर उतरवा. कामगार बंधूंनाही सांगणे आहे: वाढवू नका, लपवूही नका.

क्ष-किरणाचे चित्र हाड जुळल्याची साक्ष देते. मिळवता हात परत आला की नाही, याची साक्ष त्या हाताच्या धन्यानेच द्यायची आहे. ती त्याला निर्भयपणे देता यावी, एवढी व्यवस्था करणे हे संघटनेचे काम आहे, आणि तितकेच आपल्या गावाचेही.